पाच गुणांचा हिशोब

धाराशिव जिल्ह्याचे नाव निघाले की जैन कुटुंबांना प्रथम कुंथलगिरीचे स्मरण होते. देशभूषण-कुलभूषण मुनींची ही निर्वाणभूमी. येथेच १९५५ साली चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखनेने देह ठेवला. व्यापाराच्या इतिहासात याच जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, याला मानाचे स्थान आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तेथील माल भडोच बंदरापर्यंत जाई आणि तेथून जहाजांतून पश्चिमेकडे रवाना होई. तीर्थ आणि व्यापार या दोन जुन्या ओळखींना गेल्या काही दशकांत तिसरी ओळख जोडली गेली आहे, ती खो-खोची.

पाऊस बेभरवशाचा, मोठे उद्योग थोडे, निती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलेला हा प्रदेश. येथे महागड्या साहित्याचा खेळ रुजणे अवघडच होते. खो-खोला दोन खांब, आखलेले मैदान आणि चपळ पाय एवढे भांडवल पुरते. या अल्प भांडवलावर या मातीने भारतीय संघाच्या कर्णधार सारिका काळे घडवल्या. त्यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये, शहराचे नाव अजून उस्मानाबाद असताना, राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा येथे भरली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा विजेत्या भारतीय महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. साहजिकच त्या आठवड्यात या जिल्ह्याचे लक्ष दिल्लीकडे लागून राहिले होते.

त्या स्पर्धेचा पहिलाच सामना खेळाच्या चाहत्यांना बरेच काही शिकवून जाणारा ठरला. १३ जानेवारी रोजी इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील बंदिस्त मैदानावर भारतीय पुरुष संघाने नेपाळला हरवले. गुणफलक होता ४२ विरुद्ध ३७. विजय झाला, पण अवघ्या पाच गुणांनी.

जिंकले, पण...

मोठ्या फरकाने जिंकलेल्या सामन्याची चर्चा लवकर संपते. हरलेल्या सामन्याचा सल दोन दिवस राहतो आणि मग विरतो. निसटत्या विजयाची चर्चा मात्र लांबते, कारण त्यात समाधान आणि धास्ती या दोन्ही भावना एकत्र असतात. अशा वेळी चाहत्यांचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, विजय तो विजय; पाच गुणांचा असो की पन्नासचा, गुणतक्त्यात तो सारखाच. दुसरा पक्ष विचारतो, ज्या खेळाची जन्मभूमी महाराष्ट्र, ज्याचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने शंभर वर्षांपूर्वी बांधून दिले, त्यात नेपाळशी इतके झुंजावे का लागावे?

दोन्ही पक्षांच्या बोलण्यात तथ्य आहे. जैन परंपरेत वाढलेल्या वाचकाला हे वेगळे सांगावे लागणार नाही. व्यवहार नयाने पाहिले तर पहिल्या पक्षाचे म्हणणे बिनतोड आहे. स्पर्धेत पुढे जाण्यासाठी विजय लागतो आणि तो मिळाला. निश्चय नयाने, म्हणजे खेळाच्या मूळ स्वरूपाकडे पाहिले, तर दुसऱ्या पक्षाची शंकाही अस्थानी नाही. निकाल आणि खेळाचा दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चूक तेव्हा होते, जेव्हा एक पक्ष आपल्या बाजूलाच संपूर्ण सत्य मानतो. पहिला पक्ष तपासणी टाळतो, दुसरा तपासणीआधीच निकाल देतो. दोघांच्याही हातून हिशोबाची वही उघडली जात नाही.

गुणफलक वाचताना

ती वही उघडून पाहणे तसे अवघड नाही. विश्वचषक खो-खोच्या नव्या वेगवान पद्धतीने खेळला गेला. सामना चार पाळ्यांचा; प्रत्येक संघाला दोनदा आक्रमण आणि दोनदा संरक्षण. आक्रमकाने गडी बाद केला की दोन गुण. संरक्षण करणारे खेळाडू तुकडीतुकडीने मैदानात उतरतात. एखादी तुकडी तीन मिनिटे टिकली की संरक्षण करणाऱ्या संघालाही गुण मिळू लागतात, आणि पुढे प्रत्येक अर्ध्या मिनिटाला एक गुण वाढतो. यालाच 'ड्रीम रन' म्हणतात. आक्रमणातला 'वझीर' कोणत्याही दिशेने धावू शकतो. इतर आक्रमकांना दिशेचे बंधन पाळावेच लागते.

आता ४२-३७ हे आकडे पुन्हा पाहावेत. गडी बाद केल्याचे गुण दोन-दोननेच वाढतात. नेपाळचा आकडा मात्र विषम आहे. याचा अर्थ नेपाळच्या खात्यात किमान एक गुण आक्रमणातून आलेला नाही. तो त्यांच्या एखाद्या तुकडीने चिवटपणे टिकून मिळवलेला आहे. रोजमेळात एक सुटा रुपया दिसला की जाणता मुनीम तो कोठून आला हे शोधतो, तसा हा एक गुण बोलका आहे. भारताच्या आक्रमणाला त्या तुकडीने तीन मिनिटे दाद दिली नाही, एवढी गोष्ट तो एकटा गुण सांगून जातो.

दुसरी नोंद फरकाची. पाच गुण म्हणजे अडीच गडी. भारताने टिपलेल्या गड्यांपैकी दोन निसटले असते, तरी ३८-३७ असा विजय हाती राहिला असता. तिसरा निसटला असता तर ३६-३७ असा पराभव झाला असता. चार पाळ्यांच्या धावपळीत तीन स्पर्श. एक सूर बोटभर कमी पडतो, एक खो क्षणभर उशिरा मिळतो, खांबाजवळ एक संरक्षक हुलकावणी देऊन निसटतो, आणि देशाचा विजय पराभवात बदलतो. विजयाची बाजू इतकी पातळ असते, हे ध्यानात आले की जिंकणाऱ्याने अंगावर मूठभर मांस चढवून घेण्याचे कारण उरत नाही. आणि पराभूताला हिणवण्याचेही उरत नाही.

आठवड्याअखेरचा ताळेबंद

एका दिवसाच्या गल्ल्यावरून दुकानाची स्थिती ठरवू नये, हे व्यापारी घरातील लहान मुलालाही माहीत असते. खेळातही एकाच सामन्यावरून संघाची पत ठरवणे घाईचे होते. १३ जानेवारीला ज्यांनी प्रतीक वाईकरच्या संघाबद्दल चिंता व्यक्त केली, त्यांना पुढील सहा दिवसांत उत्तर मिळत गेले. भारताने ब्राझीलला ६४-३४, पेरूला ७०-३८ आणि भूतानला ७१-३४ असे हरवले. उपांत्यपूर्व फेरीत श्रीलंकेवर १००-४० अशी मात केली. उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला ६२-४२ असे नमवले. आणि १९ जानेवारीच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा नेपाळच उभा राहिला. या वेळी निकाल लागला ५४-३६. पाच गुणांचा फरक अठरावर गेला.

येथे दोन्ही सामन्यांचे आकडे शेजारी-शेजारी मांडले, की बारकाईने हिशोब पाहणाऱ्याला एक गोष्ट चटकन दिसते. नेपाळने पहिल्या सामन्यात ३७ गुण मिळवले, अंतिम सामन्यात ३६. म्हणजे नेपाळची जमा जवळजवळ होती तेवढीच राहिली. बदलला तो भारताचा आकडा. ४२ चे ५४ झाले. अंतिम सामन्यात पहिल्याच पाळीत भारताने २६ गुण घेतले, मध्यंतराला २६-१८ अशी आघाडी होती, आणि तिसऱ्या पाळीत आणखी २८ गुणांची भर पडून फलक ५४-१८ वर गेला. सहा दिवसांच्या अंतराने वाढलेले हे बारा गुण म्हणजे सहा गडी.

दुकानाच्या भाषेत सांगायचे तर खर्च तेवढाच राहिला आणि विक्री वाढली. निसटत्या विजयानंतर चाहत्यांची पहिली बोट बहुधा संरक्षणाकडे वळते. इतके गुण दिलेच कसे, असा प्रश्न येतो. प्रस्तुत ताळेबंद वेगळे सांगतो. नेपाळसारखा संघ पस्तीस-छत्तीस गुण घेणारच. प्रश्न स्वतःच्या आक्रमणाची धार वाढवण्याचा होता आणि संघाने ती वाढवली. तक्रार आणि तपासणी यांतला फरक येथे उघड होतो. तक्रार जे डोळ्यांना खुपले त्यावर बोट ठेवते. तपासणी जे खरोखर कमी पडले ते शोधून काढते.

मोठ्या नफ्याची झाकण

याच स्पर्धेत प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखालील महिला संघाचा प्रवास अगदी निराळा होता. पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियावर १७५-१८ असा विजय. पुढे इराणवर १००-१६, मलेशियावर १००-२०, उपांत्यपूर्व फेरीत बांगलादेशावर १०९-१६ आणि उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेवर ६६-१६. धाराशिवकरांना आपल्या अश्विनीचा अभिमान वाटावा, असाच हा आलेख होता. अशा विजयांनंतर चाहत्यांना प्रश्न पडत नाहीत आणि खेळाडूंनाही ते कोणी विचारत नाही.

मात्र अंतिम सामन्यात नेपाळच्या मुलींनी ४० गुण घेतले. आधीच्या पाच सामन्यांत एकाही संघाला भारताविरुद्ध वीसपेक्षा जास्त गुण घेता आले नव्हते. भारताने हा सामना ७८-४० असा सहज जिंकला. चौथ्या पाळीत चैत्रा बी. हिच्या तुकडीने पाच मिनिटांहून अधिक काळ टिकून 'ड्रीम रन'चे पाच गुण मिळवले. विजयाला कोठेही धोका नव्हता. तरीही ४० हा आकडा सांगतो की खरी कसोटी शेवटच्या दिवशी लागली. तेजीच्या वर्षी उधारी किती थकली हे कोणी पाहत नाही. मंदी आली की पहिल्यांदा तीच दिसते. मोठा विजय उणिवांवर असेच झाकण घालतो. पुरुष संघाला पहिल्याच दिवशी आपली उणीव दिसली, हे एका अर्थी त्याचे भाग्यच म्हणावे लागेल. पाच गुणांची ती धास्ती पुढच्या सहा सामन्यांची शिदोरी ठरली.

प्रतिस्पर्ध्याची किंमत

नेपाळबद्दल दोन शब्द येथे आवश्यक आहेत. निसटत्या विजयानंतर 'आपण खराब खेळलो' असे म्हणणे सोपे जाते. 'ते चांगले खेळले' हे तोंडातून निघत नाही. पहिल्या वाक्यात नम्रता दिसते, पण तिच्या पोटात थोडा अहंकार दडलेला असतो. सामना आपल्याच हाती होता, समोरच्याचे कर्तृत्व असे काही नव्हतेच, असा तो भाव. नेपाळचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ अंतिम फेरीत पोहोचले, तेव्हा हा भ्रम दूर झाला. १३ जानेवारीला भारताने ज्याला हरवले तो दुबळा संघ नव्हता. तो उपविजेता होता. हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते, इतकेच.

तत्त्वार्थसूत्रात साधकासाठी चार भावना सांगितल्या आहेत: मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य. त्यांपैकी प्रमोद म्हणजे दुसऱ्याचा गुण पाहून मनाला होणारा आनंद. मैदानाच्या कडेला बसलेल्या चाहत्याला या भावनेचा अभ्यास जितका सहज करता येतो, तितका क्वचितच अन्यत्र करता येत असेल. प्रतिस्पर्धी संघातील खेळाडूने खांबाभोवती सुरेख हुलकावणी दिली आणि आपल्या हातून टाळी वाजली, तर तो प्रमोदच होय. आणि आपल्या संघाच्या चुकीबद्दल बोलताना राग-द्वेष बाजूला ठेवून जे घडले तेवढेच सांगता आले, तर ते माध्यस्थ्य.

शब्दांचा भार कोणावर?

हे सारे केवळ शिष्टाचारापुरते असते तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु चाहत्यांच्या शब्दांना वजन असते आणि ते कोणाला तरी पेलावे लागते. धाराशिवसारख्या ठिकाणी खेळाडू परका नसतो. तो शेजारच्या गल्लीतला मुलगा असतो, शाळेत आपल्या मुलीच्या बाकावर बसणारी मुलगी असते. तिच्या हातून सुटलेल्या एका गड्याची चर्चा चहाच्या टपरीवरून सायंकाळपर्यंत तिच्या घरी पोहोचते.

सारिका काळे यांचा प्रवास या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखा आहे. घरची परिस्थिती बेताची, पोटभर अन्नाचीही चणचण. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय महिला संघाने त्यांच्या नेतृत्वाखाली सुवर्णपदक पटकावले. त्याच वर्षी घरच्या आर्थिक ओढाताणीने खचून त्या खेळ सोडण्याच्या निर्णयापर्यंत आल्या होत्या. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली आणि त्या पुन्हा मैदानावर आल्या. चार वर्षांनी अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्या तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होत्या. देशासाठी सुवर्ण जिंकणारी कर्णधारसुद्धा आतून इतकी एकाकी असू शकते. गुणफलकावर खेळाडूच्या घरची शिल्लक दिसत नाही. अशा मनावर एखादा अविचारी शब्द किती खोल जात असेल, आणि वेळेवर मिळालेला एक धीराचा शब्द काय करू शकतो, याचे हे उदाहरण जिल्ह्यासमोर आहे.

म्हणजे चुका सांगूच नयेत काय? तसे नाही. चूक न सांगणारा हितचिंतक हा उधारी न मागणाऱ्या मुनीमासारखा. गोड वाटतो आणि पेढी बुडवतो. प्रश्न चूक कशी मांडायची याचा आहे. लोकव्यवहारात आलोचना म्हणजे दुसऱ्यावर केलेली टीका, असा अर्थ रूढ होऊ लागला आहे. जैन आचारात मात्र आलोचना ही स्वतःच्या दोषांची असते. ती गुरूसमोर प्रांजळपणे करायची, आणि प्रतिक्रमणातून पुन्हा मूळ मार्गावर परतायचे. तेथे दोष आणि दोषी यांत भेद केला जातो. दोष काढून टाकायचा, माणूस सोडायचा नाही. 'ती मुलगी संघात कशाला घेतली' हे वाक्य माणसावर बसते. 'खांबाजवळ खो देण्यात घाई झाली' हे वाक्य चुकीवर बसते, आणि दुसऱ्या दिवशीच्या सरावात ती सुधारता येते.

पेढीवरची शिस्त मैदानावर

दिवाळीला वहीपूजन करण्यापूर्वी जुन्या वर्षाची खाती मिटवण्याची पद्धत व्यापारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. नफा झाला असला तरी वही तपासली जाते. नफा बाजारभाव चढल्यामुळे झाला की आपल्या मेहनतीने, हे वेगळे काढले जाते. ज्या गिऱ्हाइकाने माल नेला त्याचाही उपकार मानला जातो. आणि तोटा झालेल्या खात्यावरून घरातल्या मुलाला चारचौघांत बोलले जात नाही. त्याला बाजूला बसवून हिशोब समजावला जातो. निसटत्या विजयाची तपासणी करण्यासाठी याहून वेगळी विद्या लागत नाही. जी शिस्त पेढीवर आहे, ती मैदानाच्या कडेला बसतानाही सोबत न्यायची, इतकेच.

यात कुटुंबांना करता येण्याजोगे बरेच आहे. आपल्या गावातील खो-खोच्या संघाचा सामना असेल तेव्हा मुलांना घेऊन तेथे जावे. सामना संपल्यावर मुलांना 'कोण जिंकले' एवढेच न विचारता 'समोरच्या संघाचे काय आवडले' हेही विचारावे. एखाद्या गरजू खेळाडूचा प्रवासखर्च, बूट वा सकस आहार यांचा भार उचलता आला तर उचलावा; आणि तो उचलताना विजयाची अट घालू नये. विजयावर अवलंबून असलेली मदत पहिल्या पराभवाबरोबर आटते, आणि खेळाडूला मदतीची सर्वाधिक गरज नेमकी तेव्हाच असते.

४२-३७ हा निकाल आता खो-खोच्या इतिहासात जमा झाला आहे. पुढे विश्वचषक जिंकला गेल्याने तो सामना अनेकांच्या विस्मरणातही गेला असेल. पण धाराशिवच्या एखाद्या मैदानावर कालपरवाच कोणता तरी संघ असाच दोन-तीन गुणांनी जिंकला असेल, आणि कडेला उभ्या असलेल्या मंडळींत तीच चर्चा रंगली असेल. ती चर्चा व्हावी. खेळावर प्रेम असल्याचे ते लक्षण आहे. तिच्यात आकड्यांचा प्रामाणिकपणा, प्रतिस्पर्ध्याचा आदर आणि आपल्या खेळाडूंविषयी जिव्हाळा एवढे तीन घटक असले, की पुढच्या सामन्याला तो संघ अधिक बळ घेऊन उतरेल.